नाटक कुणाचे, चाल कुणाची?

संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडले की पहिल्या एक-दोन पानांतच बारीक टायपात एक सूचना असते. प्रयोग करण्यापूर्वी अमुक यांची लेखी परवानगी घ्यावी. प्रयोग, भाषांतर, चित्रपट वगैरे सर्व हक्क अमुक यांच्या स्वाधीन. नाटक बसवणारी हौशी मंडळी ही सूचना सहसा तालमी अर्ध्यावर आल्यावर वाचतात. मग फोनाफोनी सुरू होते. लेखक हयात आहेत का? नसतील तर मुलगा कुठे असतो, मुलगी कुठे असते? साताऱ्यात उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता स्नेहसंमेलनाची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे राहिली, त्यामुळे ही फोनाफोनी मला चांगली परिचयाची आहे.

गद्य नाटकाचे त्यातल्या त्यात सोपे. संगीत नाटकात मालक किती हाच पहिला प्रश्न असतो. संवाद एकाचे, पदे कधी दुसऱ्याची, चाली तिसऱ्याच्या, आणि त्या चालींच्या मागे आणखी एक चौथा माणूस, ज्याची सही कुठल्याच कागदावर नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः या चौथ्याविषयी. पण त्याच्यापर्यंत जायचे तर सुरुवात सांगलीपासून करावी लागते.

५ नोव्हेंबर हा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो, कारण १८४३ मध्ये त्या दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा खेळ केला असे मानले जाते. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली होती. त्यांचे खेळ श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि असे काही मराठीत करा म्हणून आपल्या पदरच्या तरुण भाव्यांना सांगितले. कर्कीकरांची परवानगी कुणी घेतली का, असे विचारणे हास्यास्पद ठरेल. आख्यान पुराणातले, सोंगे परंपरेची, सूत्रधाराने गायचे पद्य भाव्यांनी स्वतः रचलेले. मालकी हा शब्दच त्या व्यवहारात बसत नव्हता. खर्च श्रीमंतांचा, म्हणून खेळ श्रीमंतांचा, एवढा साधा हिशोब.

मालकीची अडचण आली ती आश्रय गेल्यावर. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले. दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईत पोहोचले, ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ झाले, तिकिटे विकली गेली. आता खेळाला बाजारात किंमत होती, आणि किंमत आली की नकलाही येतात. इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या त्याच धर्तीवर निघाल्या. त्यांना अडवण्याचे साधन भाव्यांच्या हातात नव्हते. कंपनी सरकारने १८४७ मध्ये ग्रंथांच्या हक्काचा कायदा केला होता खरा. पण तो छापील पुस्तकाचा विचार करून केलेला, आणि भाव्यांची आख्याने तर वहीत आणि नटांच्या तोंडात होती. त्यातून सांगली हे संस्थान. आमचे सातारा १८४८ मध्ये खालसा झाले आणि इंग्रजी कायद्याखाली आले, सांगली बाहेरच राहिली. भाव्यांनी आपली पदे ‘नाट्यकविता संग्रह’ म्हणून छापली ती १८८५ मध्ये, म्हणजे पहिल्या खेळानंतर बेचाळीस वर्षांनी. तोवर ती कितीतरी मंडळ्यांनी गाऊन झाली होती. निदान नाव तरी आपले राहावे, असे त्यांना वाटले असावे असा माझा तर्क आहे.

भाव्यांचे पुस्तक छापले जात होते तेव्हा रंगभूमी पुढे निघून गेली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग केला आणि मराठी संगीत नाटक खऱ्या अर्थाने सुरू झाले. कथा कालिदासाची. पण असे नाटक करावे ही ठिणगी पडली ती पारशी मंडळींच्या ‘इंद्रसभे’मुळे, असे मराठी नाट्येतिहासात सर्रास सांगितले जाते. ‘इंद्रसभा’ लखनौच्या आगा हसन ‘अमानत’ यांची. अवधच्या नवाबी काळातली उर्दू रचना. गझल, ठुमरी, होरी यांनी भरलेली. पारशी कंपन्यांनी ती उचलली आणि हिंदुस्थानभर नेली. अमानत यांच्या वारसांना त्यातला एक आणाही पोहोचला असेल असे मला वाटत नाही. उर्दूच्या तासाला मी ‘इंद्रसभा’ शिकवतो आणि मराठीच्या तासाला किर्लोस्कर, तेव्हा या दोघांच्या मधले दार किती किलकिले आहे हे मुलांना दाखवताना मला फार बरे वाटते.

किर्लोस्कर, देवल यांच्या नाटकांच्या जुन्या आवृत्त्यांत पदाच्या डोक्यावर एक छोटी ओळ छापलेली असते. ‘चाल’ असे लिहून पुढे मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी लावणी, कधी ओवी, कधी कानडी पद, कधी हिंदुस्थानी चीज. नटाने ते शब्द वाचले की त्याच्या कानात सूर वाजावेत, म्हणून केलेली ती सोय. नोटेशनचा खर्च नाही, कटकट नाही. त्या ओळीला मी पावती म्हणतो. माल कुठून आणला हे लिहिले आहे. कुणाकडून आणला आणि काय दिले हे लिहिलेले नाही. उर्दू-हिंदी चिजांचे शब्द तर कानाने ऐकून देवनागरीत उतरवलेले, त्यामुळे काही ठिकाणी असे मोडलेले की मूळ शब्द ओळखणे हा एक खेळच होतो.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नाटक मंडळीचे झाले. लेखकाने नाटक लिहून कंपनीला द्यायचे, कंपनीने त्याला बिदागी द्यायची, आणि नाटक कंपनीच्या नावाने ओळखले जायचे. या काळात परवानगी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर लेखक येत नसे, कलेक्टर येत असे. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० मध्ये सरकारने बंद पाडले ते १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने. आजही आपल्या मंडळांना परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आठवते, पोलीस ठाण्याचा अर्ज आठवतो, ध्वनिक्षेपकाची परवानगी आठवते. लेखकाची शेवटी आठवते. ही सवय जुनी आहे.

पण कायदा बदलत होता. १९१४ मध्ये इंग्लंडचा नवा कायदा थोड्या फेरफारांनी इथे आला आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे टिकू लागला. स्वातंत्र्यानंतर आपला स्वतःचा कायदा १९५७ चा. त्यातही पन्नासच होती. ती साठ झाली १९९२ मध्ये, आणि त्याचे कारण रवींद्रनाथ टागोर. ते १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ अखेर त्यांचे साहित्य मोकळे होणार होते. विश्वभारतीचा त्यावरचा हक्क जाऊ नये म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढली. बंगालसाठी झालेल्या या दुरुस्तीने आमच्या खाडिलकरांचीही मुदत वाढली. ते १९४८ मध्ये गेले. जुन्या हिशोबाने ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ १ जानेवारी १९९९ ला मोकळी झाली असती; झाली २००९ ला. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले. त्यांची ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ कितीतरी आधीपासून सर्वांची आहेत. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून देवलांनी ‘शारदा’ लिहिले असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्या नाटकाच्या प्रयोगासाठी आज कुणालाही पत्र लिहावे लागत नाही.

‘एकच प्याला’चे उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात सगळी गुंतागुंत एकत्र आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. नाटक त्यांच्या पश्चात रंगमंचावर आले. गडकऱ्यांचे संवाद १९७० पासून मोकळे. पण नाटकातली पदे गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गुर्जर १९६२ मध्ये गेले. म्हणजे पदांची मुदत संपली ती २०२२ च्या अखेरीस. मधली बावन्न-त्रेपन्न वर्षे हे नाटक बोलायला फुकट आणि गायला परवानगीचे होते. किती मंडळांना हे ठाऊक होते? मी विचारलेल्यांपैकी एकालाही नव्हते.

आणि चाली? ‘एकच प्याला’तल्या गाजलेल्या चालींचे श्रेय पुण्याच्या सुंदराबाई जाधवांना दिले जाते. ठुमरी, गझल, कव्वाली यांत मुरलेली ही गायिका. बालगंधर्वांनी तिच्याकडून चाली घेतल्या आणि त्या त्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेल्या. इथे आपण त्या चौथ्या माणसाच्या दाराशी येतो.

१९५७ च्या कायद्यात संगीतकृतीची जी व्याख्या होती ती वकिलांखेरीज फारशी कुणी वाचलेली नसते. संगीत म्हणजे स्वरांची अशी रचना, जी छापलेली आहे, लिहून ठेवलेली आहे किंवा चिन्हांत उतरवलेली आहे. म्हणजे जे लिहिले तेच संगीत. गळ्यातून गळ्यात गेलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतकृती नव्हतीच. ही अट गेली १९९४ च्या दुरुस्तीने, आणि ती अमलात आली मे १९९५ मध्ये. गायक-वादकांना कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क मिळाला तोही त्याच दुरुस्तीत. ज्या देशात संगीताची सगळी मिरासदारी तोंडी चालत आली, त्या देशाने युरोपातल्या स्वरलिपीच्या कागदावरून व्याख्या उचलली आणि सदतीस वर्षे तशीच ठेवली. मला हा साधा निष्काळजीपणा वाटत नाही. कायदा करणाऱ्यांच्या नजरेत लिहिणारा माणूस होता, गाणारा नव्हता.

याचा फटका कुणाला बसला असेल ते वेगळे सांगायला नको. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यांतली कितीतरी पदे ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेली आहेत. बखले शिकले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे. ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचा पूरबी बाज मराठीत आणला. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. बखले, टेंबे ही नावे पुस्तकात आहेत आणि ती योग्यच आहेत. त्यांनी नुसती नक्कल केली असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. ख्यालाची बंदिश तीन मिनिटांच्या पदात बसवायची, शब्दांचा अर्थ आणि पात्राचा स्वभाव सांभाळायचा, ही स्वतंत्र प्रतिभा आहे. पण ज्यांच्या घरातून माल आला त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर आली नाहीत.

इथे आमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. खाँसाहेबांकडे हक्कांची पद्धत नव्हती असे अजिबात नाही. होती, आणि ती आजच्या कायद्याहून कडक होती. गंडा बांधल्याशिवाय तालीम नाही. घराण्याची खास चीज बाहेरच्याला नाही. चिजा मुलीच्या लग्नात जावयाला दिल्याच्या कथा सांगितल्या जातात. शागिर्दाने कुठे गावे, कधी गावे हे उस्ताद ठरवत. ही सगळी प्रयोगाच्या हक्कांची व्यवस्थाच होती. फक्त तिच्यात साठ वर्षांनी सुटका नव्हती आणि बाहेरच्याला अर्ज करायची खिडकीही नव्हती. भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या, त्याबद्दल काही लोक आजही कुरकुर करतात. मी नाही करत. न लिहिलेल्या कितीतरी बंदिशी खाँसाहेबांबरोबर कबरीत गेल्या.

माझी सासुरवाडी मिरजेची, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. उरुसाला तिथे आजही त्यांच्या आठवणीत गाणे होते. या खाँसाहेबांनी ख्याल-ठुमरीबरोबर मराठी नाट्यपदांच्याही ध्वनिमुद्रिका केल्या, ‘मानापमान’मधल्या पदाचीसुद्धा. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांनी पुढे भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली. म्हणजे बंदिश नाटकात गेली, नाट्यपद खाँसाहेबांच्या गळ्यात आले आणि लेक रंगमंचावर उभी राहिली. ही देवाणघेवाण इतकी दाट आहे की कुठून काय निघाले याचा ताळेबंद मांडणे कठीण. कठीण आहे म्हणून नावच घ्यायचे नाही, हे मात्र मला पटत नाही.

परंपरा आणि मालकी यांची गाठ न्यायालयात कशी पडते हे बघायचे तर पुन्हा कर्नाटकात जावे लागते. आणि गंमत अशी की पुन्हा यक्षगानाकडेच, म्हणजे कर्कीची मंडळी ज्या परंपरेतली, तिच्याकडेच. शिवराम कारंतांनी यक्षगानाला नवे रूप देऊन नृत्यनाट्ये बसवली. १९९७ मध्ये ते गेले. मृत्युपत्राने हक्क एका वारसदार बाईंकडे आले. २००१ मध्ये मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेने त्यांतले ‘अभिमन्यू वध’ दिल्लीत केले, परवानगी न घेता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये निकाल लागला. यक्षगान सर्वांचे, पण कारंतांनी त्यात जे नवे घातले त्यावर हक्क त्यांच्या वारसदाराचा, असा त्याचा थोडक्यात अर्थ. कायद्याने शाळांना आणि हौशी मंडळांना ज्या सवलती दिल्या आहेत त्या मात्र कायम राहतील, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

त्या सवलती आपल्याकडच्या लोकांनी नीट समजून घ्याव्यात अशा आहेत. शाळेच्या कामाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला, विद्यार्थी-पालक आणि शाळेशी संबंधित लोकांसमोरचा प्रयोग चालतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग चालतो. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेलाही चालतो. पण सत्कार्य म्हटले की सगळेच चालते असे नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या पूरग्रस्तांसाठी कुणी तिकीट लावून नाटक केले असेल, तर हेतू कितीही चांगला असो, लेखकाचे पत्र लागतेच. मशीद किंवा मंदिर धार्मिक संस्था आहे, पूरग्रस्त निधी नाही. कायद्याची ही जागा मला स्वतःला विचित्र वाटते, पण आहे ती अशी आहे. राज्य नाट्य स्पर्धेला उतरायचे तर प्रवेशिकेबरोबर लेखकाचे किंवा वारसाचे संमतिपत्र लागते, तिथे पळवाट नाही.

आमच्या मुलांना करायचे असते ते बहुतेक वेळा ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक, जितेंद्र अभिषेकींचे संगीत, १९६७ च्या डिसेंबरातला पहिला प्रयोग. खाँसाहेब आफताब हुसेन हे पात्र उर्दू शाळेतल्या मुलांना आपलेसे वाटते, आणि मुळात ते नाटकच गाण्यावर हक्क कुणाचा या भांडणाचे आहे. खाँसाहेब शिकवत नाहीत, म्हणून सदाशिव त्यांच्या घरात नोकर होऊन राहतो आणि कानाने विद्या चोरतो. पण मुलांना ‘कट्यार’ माहीत असते ती २०१५ च्या चित्रपटातून. नाटकातली पदे आणि चित्रपटासाठी केलेली नवी गाणी त्यांच्या डोक्यात एकत्र झालेली असतात. शाळेबाहेर, तिकीट लावून करायचे म्हटले तर नाटकाच्या शब्दांसाठी दारव्हेकरांच्या वारसांकडे जायचे, चालींसाठी अभिषेकींच्या, आणि चित्रपटातले एखादे गाणे घुसवायचे असेल तर त्याचे मालक वेगळेच. प्रकाशकाकडे बहुधा छापण्याचा हक्क असतो, प्रयोगाचा नसतो, म्हणून पुस्तकविक्रेत्याला विचारून भागत नाही. पत्रात प्रयोग किती, कुठे, कोणत्या तारखांना, तिकीट आहे की नाही, काय कापणार, हे सगळे लिहावे आणि होकार लेखीच घ्यावा. फोनवरच्या होकाराला आधार नाही. अभिषेकी १९९८ मध्ये गेले, दारव्हेकर १९९९ मध्ये. म्हणजे चाली २०५९ ला मोकळ्या होतील आणि शब्द २०६० ला. आज नववीत असलेली मुले तेव्हा पन्नाशीला टेकलेली असतील.

‘मत्स्यगंधा’सारख्या नाटकांचेही तेच. वसंत कानेटकर आमच्या जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, त्यामुळे त्यांचे नाटक म्हणजे घरचेच, परवानगी कसली, असे म्हणणारे मला भेटले आहेत. गाव एक असले तरी हक्क वारसांकडेच असतो.

शाळेत गेल्या दोन वर्षांपासून मी एक छोटे काम सुरू केले आहे. मुदत संपलेल्या नाटकांची जुनी पुस्तके मिळवायची, पदांच्या डोक्यावरच्या ‘चाल’च्या ओळी वहीत उतरवायच्या आणि त्यांतले मोडके हिंदी-उर्दू शब्द मुलांनी दुरुस्त करायचे. मराठीच्या तासाला पद वाचायचे, उर्दूच्या तासाला त्याची चाल शोधायची. मुलांची कल्पना पुष्कळदा माझ्यापेक्षा वेगाने धावते, कारण घरी आजी-नानी जे गुणगुणतात ते त्यांच्या कानावर असते. जी चीज सापडेल तिचे नाव, तिचा राग, ती कोणत्या घराण्यात गायली जाते एवढे पदासमोर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी ‘शारदा’ किंवा ‘सौभद्र’मधला प्रवेश बसवला तर कार्यक्रमपत्रिकेत ती ओळ छापायची आहे. बऱ्याच ओळी लागल्या. काही अजून लागत नाहीत. त्या एका कागदावर लिहून मिरजेला पाठवल्या आहेत. तिथे उरुसाला जुने गाणारे येतात, त्यांच्यापैकी कुणीतरी शब्द पाहून सूर ओळखेल.